ह्यूमिकच्या कॅनवरचं उद्गारचिन्ह

नेदरलँड्सच्या इंपोर्टरचा मेल जेमतेम तीन ओळींचा होता. टोमॅटोच्या ग्रीनहाउसमधली चाचणी चांगली झाली, माल घ्यायचा आहे. पहिल्या कंटेनरआधी सेफ्टी डेटा शीट (मालाच्या धोक्याची माहितीपत्रिका), सीएलपी या युरोपच्या धोका-लेबल नियमाप्रमाणे वर्गीकरण, लेबलचा मसुदा आणि यूएफआय हा लेबलवरचा ओळख-कोड पाठवा. सरांनी तो मला फॉरवर्ड केला, वर एक ओळ घालून: "आपल्याकडे हे सगळं आहेच ना? आज देऊन टाक."

मी तेव्हा सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात रजिस्ट्रेशनचं काम बघायचे. वीस-बावीस माणसं, दोन मोठ्या टाक्या, एक पॅकिंग लाइन. मुख्य माल एकच: पोटॅशियम ह्यूमेट आणि समुद्री शेवाळाचा अर्क यांचं काळंभोर द्रावण. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर ते ड्रिपमधून सोडतात, पांढरी मुळी चालावी म्हणून. दुकानात त्याला बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारं, असं कुणी म्हणत नाही. "ह्यूमिक द्या," नाहीतर सरळ "ते काळं टॉनिक द्या."

सेफ्टी डेटा शीट होती, म्हणजे त्या नावाची एक पीडीएफ होती. माझ्या आधी या खुर्चीवर बसलेल्या कुणीतरी ती कुठून तरी उचलून वर आपलं नाव टाकलं होतं. दुसऱ्या भागात, जिथे धोका सांगायचा, तिथे "धोकादायक नाही". नवव्या भागात पीएच 9 ते 10. चौदाव्या भागात, वाहतुकीच्या रकान्यात, "लागू नाही". आणि अकराव्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात दुसऱ्याच मालाचं नाव राहून गेलं होतं, फिश अमिनो. हीच पीडीएफ आम्ही तीन वर्षं मागेल त्याला पाठवत होतो आणि कुणी अकराव्या पानापर्यंत गेलं नव्हतं. मीही नाही.

भारतातल्या फायली मात्र मी स्वतः केलेल्या होत्या, त्यामुळे मला जरा गुर्मी होती. आपल्याकडे बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशात आले ते 23 फेब्रुवारी 2021 च्या अधिसूचनेने. त्याआधी टॉनिकांना कुणी वाली नव्हता आणि कुणी विचारणाराही नव्हता. केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच जुलै 2025 मध्ये सांगितलं की, साधारण 30,000 उत्पादनं वर्षानुवर्षं तपासणीविना विकली जात होती, त्याआधीच्या चार वर्षांतही 8,000 च्या आसपास बाजारात होती, आणि कडक तपासणीनंतर ती 650 वर आली. आमचा माल नोंदणीच्या रांगेत होता. तीन वेगवेगळ्या कृषी-हवामान भागांत, तीन मात्रांच्या, एका हंगामाच्या चाचण्या झाल्या होत्या. कीटकनाशकाचा अंश 0.01 पीपीएमच्या वर नाही, जड धातू मर्यादेत, रॅटवरची आणि सशांवरची विषारीपणाची तपासणी झालेली. एवढं सगळं पार पाडलेल्या बाईला एक लेबल काय जड जाणार?

पण आपली चौकट आणि युरोपची चौकट वेगवेगळे प्रश्न विचारतात, हे मला तोवर नीट कळलेलं नव्हतं. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. 1971 च्या कीटकनाशक नियमांतला तो प्रकार शेतकऱ्याला पाठ आहे, आणि तो मुख्यतः एकच गोष्ट सांगतो: पोटात किंवा अंगावर गेलं तर किती जहाल. बायोस्टिम्युलंट त्या कायद्याबाहेर, म्हणून त्याला त्रिकोणच नाही. युरोपच्या सीएलपी नियमाला, म्हणजे 2008 च्या 1272 क्रमांकाच्या नियमाला, हा माल कीटकनाशक आहे, खत आहे की फरशी पुसायचं द्रावण आहे, याच्याशी घेणंदेणं नाही. मिश्रण आहे ना? मग ते पेट घेतं का, कातडी जाळतं का, डोळा बिघडवतं का, ॲलर्जी आणतं का, माशांना मारतं का, हे एकेक करून सांगा. पोटात गेल्यावर काय, हा त्या यादीतला एक प्रश्न.

आणि आमच्या मालाचं दुखणं पोटात नव्हतंच.

इंपोर्टरने एक सल्लागार बाई जोडून दिल्या होत्या. त्यांनी पहिल्याच कॉलवर विचारलं, "पीएच किती?" मी पीडीएफमधलं 9 ते 10 सांगितलं. "हा मोजलेला की लिहिलेला?" मी कॉल ठेवला आणि लॅबमध्ये गेले.

चालू बॅचचं सॅम्पल घेतलं, मीटर कॅलिब्रेट केला, कांडी बुडवली. 12.1. कांडी धुऊन पुन्हा बुडवली. 12.1. मागच्या महिन्याची राखलेली सॅम्पलं काढली: 11.9, 12.2, 12.0.

पॅकिंगला जे मामा होते, ते मी मीटरशी झटापट करत असताना दारात येऊन उभे राहिले. मी पीएच बोलले तर त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. टोकांची कातडी पांढरी, चुरगळलेली, चार बादल्या कपडे धुतल्यावर होते तशी. "हे लागलं की बोट बुळबुळीत होतं ताई. साबण लावल्यागत. धुतलं तरी बुळबुळ जात नाही लवकर." मी त्यांना तिथे उभ्या उभ्या सांगू शकले नाही की ती बुळबुळ साबणाचीच आहे, आणि तो साबण त्यांच्याच कातडीतल्या चरबीचा होतोय. हातमोजे कुठे आहेत, विचारलं. होते, कपाटात. काळा माल लागून मोजे खराब होतात म्हणून मामा काढून ठेवायचे.

सीएलपीत एक सरळ रेघ आहे. पीएच 2 किंवा त्याखाली, नाहीतर 11.5 किंवा त्यावर असेल, तर मिश्रण दाहक धरायचं, जोवर तुम्ही उलटं सिद्ध करत नाही. दाहक म्हणजे एच 314 क्रमांकाचं धोक्याचं वाक्य, कातडी जळते आणि डोळ्याला गंभीर इजा. लाल कडेच्या पांढऱ्या चौकटीत एका हातावर आणि एका धातूच्या पट्टीवर थेंब पडून दोन्ही झिजतायत असं चित्र, आणि वर "डेंजर" हा शब्द. एवढ्यावर ते थांबत नाही. दाहक ठरलं की वाहतुकीत तो वर्ग 8 चा माल होतो, आमच्यासारख्या द्रावणाला बहुधा यूएन 3266 हा धोकादायक मालाचा क्रमांक. मग साधे कॅन चालत नाहीत, यूएन शिक्क्याचे लागतात, आणि न्हावा शेवाला धोकादायक मालाची कागदपत्रं वेगळी.

हे सगळं घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्यासमोर ते हाताचं चित्र ठेवलं.

"हे काय ॲसिडवर असतं ते चित्र आहे."

"हो सर."

"आपला माल समुद्रातलं शेवाळ आणि जमिनीतला लिओनार्डाइट आहे. शंभर टक्के नॅचरल. त्यावर हे चित्र लावून मी कुणाला तोंड दाखवू?"

मी म्हटलं, शेवाळ आणि कच्च्या कोळशासारखं ते लिओनार्डाइट नॅचरल आहेत, पण त्यांना विरघळवणारं कॉस्टिक पोटॅश ड्रममधून येतं. यावर सरांनी एक अस्सल धंदेवाईक तोडगा काढला. हिरवा त्रिकोण लावू. हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य, लोकांना कळतं. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की हा विचार फक्त सरांचा नाही. बाजारात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तोच एक तक्ता आहे. त्या तक्त्यात हिरव्याला, निम्मी जनावरं मारणारी तोंडावाटेची मात्रा वजनाच्या किलोमागे 5,000 मिलिग्रॅमच्या वर असावी लागते. आमची रॅटवरची तपासणी 2,000 पर्यंतच केलेली होती, "2,000 पेक्षा जास्त" एवढाच निकाल. युरोपात तेवढ्यावर आम्ही तोंडावाटेच्या विषारीपणातून सुटत होतो. आपल्या तक्त्यात मात्र तोच आकडा हिरवा सिद्ध करायला पुरत नाही, निळ्यातच अडकतो. आणि डोळ्याबद्दल दोन्ही रंग गप्पच.

मग मी हिशेबाला बसले. कृती अशी: हजार लिटरच्या बॅचला चाळीसेक किलो पोटॅश फ्लेक्स, म्हणजे साधारण 4 टक्के. युरोपच्या यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी, म्हणजे याच पोटॅशसाठी, खास मर्यादा दिलेल्या आहेत: 5 टक्के आणि वर असेल तर सर्वांत कडक दाहक, 2 ते 5 मध्येही दाहकच, 0.5 ते 2 मध्ये कातडी आणि डोळ्याला जळजळ. 4 टक्के म्हणजे कागदावर मेलोच. पण सल्लागार बाईंनी इथे एक फार कामाची गोष्ट शिकवली. टाकलेलं पोटॅश मोजू नका, उरलेलं मोजा. ह्यूमिक आम्ल पोटॅश खातं आणि त्याचं मीठ होतं, तेच आपलं ह्यूमेट. जे खाऊन उरतं तेवढंच जाळतं. आमच्याकडे 12.1 होता, याचा अर्थ भरपूर उरत होतं.

का उरत होतं? प्रॉडक्शनला जाऊन विचारलं तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. दोन वर्षांपूर्वी लिओनार्डाइटचा पुरवठादार बदलला. नवा माल विरघळायला आळशी. पोटॅश थोडं वाढवलं की चार तासांत बॅच उतरते, नाहीतर रात्रभर ढवळत बसायचं. कुणी लपवलं नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच, आणि मीही दोन वर्षांत टाकीपाशी जाऊन विचारलं नव्हतं.

याचा दुसरा अर्थ जास्त टोचला. आमच्या भारतीय फायलीतला विषारीपणाचा रिपोर्ट जुन्या मालाचा होता. रिपोर्टच्या चौथ्या पानावर सॅम्पलचा पीएच लिहिलेला होता, 9.6. म्हणजे सशाच्या डोळ्यात जो माल घातला तो वेगळा, आणि कॅनमध्ये जातोय तो वेगळा. नाव एक, लेबल एक.

सर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले, पोटॅश कमी करा, रात्रभर ढवळा. कारण त्यांनी यूएन शिक्क्याच्या कॅनचा भाव काढला होता. कारण काहीही असो, मला निर्णय हवा होता तो मिळाला.

वाचायला हे सोपं वाटतं. पोटॅश कमी केल्यावर बॅच उतरायला चारऐवजी अकरा तास. गाळ वाढला, फिल्टरची जाळी दिवसातून तीनदा धुवावी लागायची. कुणीतरी सुचवलं की जास्त पोटॅशनेच विरघळवू आणि शेवटी सायट्रिक ॲसिड टाकून पीएच खाली आणू. एका बादलीत करून पाहिलं. जिथे ॲसिड पडलं तिथे काळ्या गुठळ्या झाल्या, ढवळूनही त्या बराच वेळ गेल्या नाहीत. ह्यूमिक आम्लाचा स्वभावच तो, अल्कलीत विरघळतं आणि आम्लात खाली बसतं. ड्रिपच्या बारीक छिद्रांत या गुठळ्या गेल्या असत्या तर निफाडहून लोक ट्रॅक्टर घेऊन आले असते. तो नाद सोडला. अकरा तास तर अकरा तास. पीएच 9.8 वर स्थिरावला.

आणि एप्रिलमध्ये कॅन फुगले.

गोडाउनमध्ये गेले तर पाच लिटरचे कॅन पोट पुढे काढून उभे. एकाचं झाकण सैल केलं तर फुस्स करून वारा सुटला आणि नाकात ताकाच्या रांजणासारखा वास गेला, शिळ्या ताकाच्या. पीएच 12 असताना त्या द्रावणात काही जगतच नव्हतं. आम्ही त्याला कधी प्रिझर्वेटिव्ह घातलंच नव्हतं, आणि माल दोन वर्षं टिकतो असं अभिमानाने सांगायचो. तो टिकवणारा पोटॅशच होता. आता तो गेला, आणि शेवाळाच्या अर्कातली साखर नाशिकच्या उन्हात आंबायला मोकळी झाली.

तेव्हा बीआयटी नावाचं प्रिझर्वेटिव्ह घेतलं. ते 20 टक्के द्रावणात येतं. हजार लिटरला एक लिटर टाकलं की मालात त्याचं प्रमाण होतं 0.02 टक्के. कॅन फुगायचे थांबले. मग मी सीएलपीच्या यादीत बीआयटी बघितलं. त्वचेची ॲलर्जी आणणारं. तेव्हाची मर्यादा 0.05 टक्के, आम्ही तिच्याखाली. सुटलो म्हणून चहा मागवला, आणि चहा यायच्या आत पुढचं कलम वाचलं: मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यापासून पुढे, म्हणजे 0.005 टक्क्यांपासून, लेबलवर एक वेगळं वाक्य लागतं. "यात अमुक आहे. ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते." एक धोका काढला त्याने दुसरं वाक्य ओढून आणलं. सरांना सांगायला गेले तेव्हा ते नुसते म्हणाले, "अजून काय काय राहिलंय ते एकदाच सांग."

डोळा राहिला होता.

पीएच आता 9.8, म्हणजे जुन्या रिपोर्टमधल्या 9.6 च्या जवळ. जो रिपोर्ट महिन्याभरापूर्वी निरुपयोगी वाटत होता, तो पुन्हा कामाचा झाला. तो जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळेच्या शिस्तीची, मान्यता असलेल्या लॅबचा होता, आणि भारत 2011 पासून ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या, चाचण्यांच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी असल्यामुळे असा डेटा तिकडे चालतो. मी खूश होऊन निष्कर्षाचं पान पाठवलं. "सशाच्या डोळ्याला सौम्य जळजळ करणारे." सौम्य म्हणजे वर्गीकरण नाही, असं मी धरून चालले होते.

सल्लागार बाईंनी उत्तरात लिहिलं, निष्कर्ष नको, प्रत्येक सशाचा तक्ता पाठवा.

तो तक्ता परिशिष्टात होता. तीन ससे, 24, 48 आणि 72 तासांनी बुबुळ, त्यामागचा रंगीत पडदा, पापणीच्या आतली लाली आणि सूज यांना दिलेले गुण. लालीच्या रांगेत पहिल्या सशाला 2, 2, 2. दुसऱ्याला 2, 2, 2. तिसऱ्याला 2, 1, 1. सातव्या दिवशी सगळे शून्य. सीएलपीचा नियम: तीनपैकी निदान दोन जनावरांत लालीची सरासरी 2 किंवा जास्त असेल आणि 21 दिवसांत सगळं बरं होत असेल, तर डोळ्याची जळजळ, श्रेणी 2. आम्ही बरोबर रेघेवर उभे होतो आणि रेघ "2 किंवा जास्त" म्हणते. लॅबने लिहिलेला "सौम्य" हा शब्द खोटा नव्हता, तो दुसऱ्या कुठल्या तरी मोजपट्टीवरचा होता. त्या दिवसापासून मी कुठलाही रिपोर्ट मागून पुढे वाचते.

सशांशिवायची चाचणी करून बघू का, असं मी विचारलं होतं. कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या बुबुळांवर ती करतात, बुबुळ किती धूसर झालं ते प्रकाश पार जाऊ देऊन मोजतात. पण आमचा माल डांबरासारखा काळा. त्याचा डाग बुबुळावर राहिला तर यंत्राला तो धूसरपणाच वाटणार. शिवाय निकाल मधल्या पट्ट्यात आला, तर ती एकटी चाचणी काही ठरवत नाही. खर्चाचा आकडाही असा होता की सरांनी हातातला कप खाली ठेवला. विषय तिथे संपला.

तर शेवटी ठरलं ते असं. एच 319, डोळ्यांना तीव्र जळजळ होते. "डेंजर" नाही, त्याच्या खालचा शब्द, "वॉर्निंग". चित्र उद्गारचिन्हाचं. प्रिझर्वेटिव्हचं ॲलर्जीचं वाक्य. काळजीची वाक्यं: डोळ्यांना संरक्षण वापरा, हाताळल्यावर हात धुवा, डोळ्यात गेल्यास काही मिनिटं पाण्याने सावकाश धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास आणि सहज निघत असल्यास काढा, धूत राहा, जळजळ राहिली तर डॉक्टरला दाखवा. हे शब्द आपल्या मनाने फिरवता येत नाहीत, जसे छापलेत तसेच घ्यायचे. वाहतुकीचा वर्ग 8 गेला, साधे कॅन राहिले.

लेबलच्या मजकुराला बसलो तेव्हा खरी भांडणं झाली. आमच्या मूळ लेबलवर मोठ्या अक्षरात होतं: विषरहित, पूर्णतः सुरक्षित, पर्यावरणपूरक. सीएलपी सांगतं की, धोकादायक म्हणून वर्गीकृत मालाच्या लेबलवर "विषारी नाही", "निरुपद्रवी", "पर्यावरणस्नेही" असली विधानं लिहायचीच नाहीत. मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, हा युरोपवाल्यांचा चावटपणा आहे. मी त्याला आपलेच कीटकनाशक नियम काढून दाखवले. त्यातही "सेफ", "हार्मलेस" असले शब्द लेबलवर चालत नाहीत, "सांगितल्याप्रमाणे वापरल्यास" अशी शेपटी जोडली तरी नाही. फक्त आपला माल त्या नियमांत बसत नाही म्हणून आपल्याला मोकळीक होती. त्याने "पर्यावरणपूरक" तरी ठेवा म्हणून अर्धा तास घासाघीस केली.

सीई मार्क, म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसल्याची खूण, हीही त्याला हवी होती. तो मिळणार नव्हता, आणि त्याचं कारण मला अजून गमतीचं वाटतं. युरोपच्या 2019 च्या खतविषयक नियमात, जो जुलै 2022 पासून लागू झाला, वनस्पतींचे आणि शेवाळाचे अर्क एका सोप्या गटात घेता येतात. पण पाण्याने काढलेला अर्क असेल तर. अल्कलीने काढला की तो त्या गटातून बाहेर आणि रसायनांच्या गटात, जिथे रीच या युरोपच्या रसायन-नोंदणी नियमाचं जाडजूड दप्तर लागतं. आमचा शेवाळाचा अर्क अल्कलीचाच. सुदैवाने सीई मार्क ऐच्छिक आहे, इंपोर्टरने देशाच्या नियमांतून जायचं ठरवलं. सीएलपी मात्र दोन्ही वाटांवर भेटतंच.

यूएफआयवर गाडी तीन आठवडे अडली. सोळा अक्षर-अंकांचा कोड, चाराच्या चार गटांत, लेबलवर छापायचा. कुणाच्या डोळ्यात माल गेला आणि त्याने विषबाधा केंद्राला फोन केला, तर तो कोड वाचून दाखवायचा म्हणजे त्यांना आत काय आहे ते कळतं. कल्पना उत्तमच. पण त्यासाठी पूर्ण कृती युरोपच्या पोर्टलवर भरावी लागते आणि ती भरणारा युरोपातला पाहिजे, म्हणजे इंपोर्टर. सर म्हणाले, कृती दिली तर पुढच्या वर्षी हा माणूस स्वतः बनवेल. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. वाट निघाली ती अशी की, तिकडच्या एका तिसऱ्या संस्थेने आमच्या वतीने कृती भरली आणि आमचा यूएफआय काढला. इंपोर्टरने आपल्या नोंदीत फक्त तो कोड घातला. त्याला कृती दिसली नाही, विषबाधा केंद्राला दिसते. माल नेदरलँड्सबरोबर जर्मनीतही जाणार होता, म्हणून नोंद दोन्ही देशांसाठी आणि लेबलही डच आणि जर्मन.

डिझाइनरने पहिला मसुदा आणला त्यात उद्गारचिन्हाची चौकट हिरवी. "आपल्या ब्रँडचा रंग आहे मॅडम." ती लालच लागते. दुसऱ्या मसुद्यात लाल झाली पण सोळा मिलिमीटरची. तेवढी तीन लिटरपर्यंतच्या डब्याला चालते. आमचे कॅन पाच आणि वीस लिटरचे, त्यांना निदान 23 मिलिमीटर आणि अख्खं लेबल निदान 74 बाय 105. पण पहिल्या मसुद्याची पाचशे लेबलं त्याने "वेळ वाचावा म्हणून" आधीच छापून टाकली होती. ती हिरवी उद्गारचिन्हं मामांनी कापून घेतली आणि पोटॅशच्या ड्रमवर, टाकीच्या नळावर, पॅकिंगच्या नोझलवर चिकटवली. नियमाच्या दृष्टीने पूर्ण चुकीची. मी काढायला लावली नाहीत. नोझलपाशी आता चष्मा खुंटीला टांगलेला असतो आणि बऱ्याचदा तो मामांच्या डोळ्यांवरही असतो.

कंटेनर गेला. मग देशातल्या कॅनची लेबलं संपत आली तेव्हा मी नव्या छपाईत "विषरहित, पूर्णतः सुरक्षित" काढलं आणि त्या रिकाम्या जागेत मराठीत एक ओळ घातली: "डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा, जळजळ राहिल्यास डॉक्टरांना दाखवा." कॉन्टॅक्ट लेन्सचं गाळलं. सरांनी ओळ वाचली, पेन हातात घेतलं, ठेवलं, आणि सही केली.

छाटणीच्या हंगामात दिंडोरीकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. कॅनवरचा नंबर माझ्याच टेबलावरचा.

"मॅडम, या वेळी डोळ्याचं काहीतरी लिहिलंय. आधी नव्हतं. मालात काही जहाल वाढवलं का?"

"नाही दादा, उलट पोटॅश कमी केलंय. आधीच जास्त होतं."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"कमी केलंय, मग रेट तोच कसा?"